तारीख, रोजनामा आणि अपील
(संस्थेच्या वार्षिक सभेत सांगली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणीसांनी मला व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "कामगार भरपाईच्या दाव्यातील कार्यपद्धतीचे आदेश आणि त्यावरील अपील." ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "अहो, विषय जरा रुक्ष नाही का?" रुक्ष आहे, हे मी आधीच कबूल करतो. शिवाय मी वकील नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि गेली वीस-बावीस वर्षे बँकेत कारकुनी करतो. परंतु संस्थेच्या कामानिमित्त सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील कितीतरी माणसांचे कागद माझ्या हाताखालून गेले आहेत. ऊसतोडीला आलेला मजूर, खडी मशीनवरचा गडी, औद्योगिक वसाहतीतल्या पत्र्याच्या शेडमधला फिटर, विटा-आटपाडीकडून गलाईच्या कामाला परमुलखात गेलेला तरुण. यांच्यापैकी कोणाचा हात गेला, कोणाचा जीव गेला. आणि मी असे पाहिले आहे की, यातील बरीच माणसे कायद्यात हरली नाहीत, तारखेत हरली.

त्यात माझे वडीलही एक. आबा कोरेगाव तालुक्यात एका खडी मशीनवर कामाला होते. १९९२ साली पट्ट्यात उजवा हात सापडला आणि मनगटापासून गेला. मी तेव्हा सहावीत होतो. कोणीतरी शहाण्या माणसाने सांगितले म्हणून आबांनी भरपाईचा अर्ज केला. दोन वर्षे तारखा चालल्या. एके दिवशी आबा संध्याकाळी घरी आले आणि आईला म्हणाले, "आपली केस गेली." एवढेच. पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही आणि आम्हीही विचारला नाही. २०११ साली ते वारले. त्यांची पत्र्याची पेटी उघडली तेव्हा तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद जपून ठेवलेला मिळाला. रोजनाम्याची नक्कल होती ती. त्यावर दोन ओळी होत्या : "अर्जदार व त्यांचे वकील पुकारा करूनही गैरहजर. सामनेवाले हजर. अर्ज काढून टाकण्यात येतो."

आबा त्या दिवशी गैरहजर नव्हते. ते कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसून होते. शिपायाने पुकारा केला तो त्यांना ऐकू आला नाही, किंवा ऐकू आला तरी आडनावानिशी पुकारलेला माणूस म्हणजे आपणच, हे त्यांच्या ध्यानात आले नसेल. त्यांना आयुष्यात आडनावाने कोणी हाक मारली होती? वकील दुसऱ्या कोर्टात होते. मित्रहो, तो 'निकाल' नव्हताच. त्या कागदात आबांचा हात गेला की नाही, मालक जबाबदार की नाही, याबद्दल एक अक्षर नव्हते. भरपाई कायद्याखालच्या १९२४ च्या नियमांतील नियम ४१ प्रमाणे दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ९ या दाव्यांना लागू होत असे. अर्जदार गैरहजर म्हणून अर्ज काढून टाकला गेला, तर गैरहजेरीचे सबळ कारण दाखवून तीस दिवसांच्या आत तो पूर्ववत फाइलवर घ्यावा, असा अर्ज त्याच न्यायालयात देता येत होता. अपील लागत नव्हते, मुंबईला जावे लागत नव्हते. तीस दिवस होते, आणि ते तीस दिवस आबांनी 'आपली केस गेली' असे समजून घालवले.

हे मी सांगतो ते सहानुभूती मिळावी म्हणून नव्हे. आदेश कोणत्या जातीचा आहे हे ओळखता आले नाही की काय होते, याचा माझ्याजवळचा दाखला हा आहे. (जातीचा हा शब्द मुद्दाम वापरला. कोर्टाच्या आदेशांनाही उच्च-नीच श्रेणी असते आणि तीही जन्मावरून ठरते!)

आता कायद्याकडे वळू. १९२३ साली वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन अॅक्ट आला. २०१० पासून त्याचे नाव कर्मचारी भरपाई अधिनियम असे झाले. काम करत असताना आणि कामामुळे अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यावी, चूक कोणाची याची चिकित्सा नको, हे त्याचे मूळ सूत्र. हा दावा दिवाणी कोर्टात चालत नसे, आयुक्तापुढे चाले. आयुक्त हा शब्द ऐकून कोणी पालिकेचे आयुक्त समजू नये. आपल्या राज्यात हे अधिकार काही ठिकाणी कामगार न्यायालयाच्या न्यायाधीशांकडे, तर काही ठिकाणी दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे असत. ज्यांचा कामगार राज्य विमा कापला जातो त्यांची वाट निराळी आहे, त्यांना या कायद्याखाली मागणी करता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

या आयुक्ताच्या आदेशावर अपील कोठे? थेट उच्च न्यायालयात. जिल्हा न्यायालय मध्ये येत नाही. परंतु कोणत्या आदेशावर अपील करता येईल, त्याची यादी कायद्याच्या कलम ३० मध्ये बांधून दिलेली आहे. एकरकमी भरपाई देणारा किंवा ती पूर्ण वा अंशतः नाकारणारा आदेश, व्याज व दंड देणारा आदेश, अवलंबितांमध्ये रक्कम वाटून देणारा किंवा एखाद्याला अवलंबित म्हणून नाकारणारा आदेश, ठेकेदाराकडून मूळ मालकाने करावयाच्या वसुलीचा आदेश, तडजोडीची नोंदणी करणारा वा नाकारणारा आदेश, अशी ती यादी आहे. त्यातही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न गुंतलेला पाहिजे. साक्षीदार खरे बोलला की खोटे, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. त्याबाबत आयुक्ताचा शब्द शेवटचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. शिवाय वादाची रक्कम पूर्वी तीनशे रुपये असली तरी चाले, २०१७ च्या दुरुस्तीने ती किमान दहा हजार झाली. मुदत साठ दिवसांची.

ही यादी बारकाईने वाचली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. तिच्यात तारीख वाढवून देण्याचा वा नाकारण्याचा आदेश नाही. हजेरीपट मागवण्याचा अर्ज नामंजूर केला, तो नाही. पुरावा बंद केला, डॉक्टरांना साक्षीला बोलावू दिले नाही, अर्जात दुरुस्ती करू दिली नाही, यांपैकी काहीच नाही. म्हणजे ज्या आदेशांनी दावा प्रत्यक्षात मरतो, त्यांतील बहुतेकांवर अपीलच नाही!

हे किती महाग पडते त्याचा हिशेब करून दाखवतो. बँकेचा माणूस असल्याने आकड्याशिवाय मला करमत नाही. कामगार मृत्यू पावला तर मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे, असे कलम ४ सांगत असे. वय ४० असेल तर गुणक १८४.१७. हिशेबात धरायच्या वेतनाची कमाल मर्यादा २००० च्या दुरुस्तीने चार हजार, ३१ मे २०१० पासून आठ हजार आणि ३ जानेवारी २०२० पासून पंधरा हजार रुपये अशी वाढत गेली. आता समजा, २०२१ साली चाळीस वर्षांचा कामगार गेला. त्याचे वेतन पंधरा हजार सिद्ध झाले तर भरपाई होते १३,८१,२७५ रुपये. मालकाने "सहा हजारच देत होतो" असे सांगितले आणि आपल्याला उलट दाखवता आले नाही, तर ५,५२,५१० रुपये. फरक ८,२८,७६५ रुपयांचा. आणि हे उलट दाखवायचे कशाने? मालकाच्या ताब्यातल्या पगारपत्रकाने. ते हजर करावे म्हणून आपण अर्ज देतो आणि त्यावर तीन शब्द पडतात : 'उशिरा दिला, नामंजूर.' ते तीन शब्द सव्वाआठ लाखांचे आहेत. वयाचेही तसेच. शाळेचा दाखला दाखल करू दिला नाही आणि चाळिशीच्या माणसाला पन्नाशीचा धरले, तर गुणक १५३.०९ होतो आणि २,३३,१०० रुपये कमी होतात.

मग करायचे काय? येथे माझे मत मी स्पष्ट सांगतो. काही वकील मंडळींना ते पटणार नाही.

अशा आदेशावर अपील नसले तरी संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयाचा देखरेखीचा अधिकार आहे. खालच्या न्यायालयाने अधिकार नसताना काही केले, असलेला अधिकार वापरायचे नाकारले किंवा उघड अन्याय केला, तर तेथे रिट अर्ज करता येतो. वाट खरी आहे. पण ती अपिलाची वाट नव्हे. उच्च न्यायालय तेथे "आम्ही असतो तर वेगळा आदेश दिला असता" म्हणून हात घालत नाही. आणि दुसरे असे की, रिट गेले की खालचा दावा थांबतो. भरपाईच्या दाव्यात थांबणे कोणाच्या फायद्याचे असते हे तुम्हाला सांगायला नको. मालक आणि विमा कंपनी थांबू शकतात, आपली बाई थांबू शकत नाही. तिच्या पोरांची फी थांबत नाही. त्यामुळे प्रत्येक नामंजूर अर्जावर उच्च न्यायालय गाठायचे, हा मार्ग माझ्या मते गरिबाचा नाही. पुरावाच नाहीसा होणार असेल, म्हणजे कारखाना बंद पडून दप्तर रद्दीत जाणार असेल किंवा एकुलता एक साक्षीदार अंथरुणाला खिळला असेल, तर गोष्ट निराळी. तेव्हा रिट केलेच पाहिजे.

एरवी दुसरी वाट आहे, आणि ती फारशी कोणी नीट वापरत नाही. मधला आदेश जिरवून घ्यायचा नाही, तो जपून ठेवायचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०५ मध्ये तत्त्व आहे की, ज्या मधल्या आदेशावर अपील केले नाही त्यातील चुकीने अंतिम निकालावर परिणाम झाला असेल, तर ती चूक अंतिम निकालावरील अपिलात मुद्दा म्हणून घेता येते. त्याच तत्त्वाने, पगारपत्रक मागवू दिले नाही आणि म्हणून वेतन कमी धरले, हे अंतिम अपिलात मांडता येते. साक्षीदार बोलावण्याचे व कागद हजर करवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार कलम २३ ने आयुक्ताला दिलेले असताना ते वापरण्यास नकार दिला, म्हणणे मांडण्याची संधी दिली नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न राहत नाही, कायद्याचा होतो. तेव्हा कलम ३० चे दार उघडते.

पण एका अटीवर. ते सारे कागदावर आले पाहिजे. "साहेब, मी तोंडी मागितले होते" याला उच्च न्यायालयात किंमत नाही. तेथे न्यायमूर्तींसमोर आपली साक्षीदार बाई उभी राहणार नाही, तिचे रडणे पोचणार नाही. तेथे पोचते ते दप्तर. म्हणून मागणी लेखी अर्जानेच करायची. अर्जाला निशाणी क्रमांक पडला का ते पाहायचे. त्यावर सामनेवाल्याचे म्हणणे आले का, आदेश काय झाला, कारण दिले का, ते पाहायचे. आदेश तोंडी झाला असेल तर दुसऱ्याच तारखेला पुरसिस द्यायची की, आमची अशी मागणी होती, ती मान्य झाली नाही, आमची हरकत नोंदवून घ्यावी. आणि रोजनामा वाचायचा. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी निम्म्यांना रोजनामा म्हणजे काय हे ठाऊक नसेल. दाव्यात प्रत्येक तारखेला काय झाले त्याची ती नोंदवही. आमच्या बँकेत जसे पासबुक, तसा दाव्यात रोजनामा. पासबुकात चुकीची नोंद पडली तर तुम्ही त्याच दिवशी काउंटरवर येऊन भांडता. रोजनाम्यात 'अर्जदार गैरहजर' पडले तर मात्र वर्षभर कोणी बघत नाही!

अंतिम निकाल लागला की त्याच दिवशी सहीशिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज टाकायचा. नक्कल मिळण्यास लागलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वजा होतात, पण अर्ज केल्यावरच. साठ दिवस उलटले तरी सबळ कारण दाखवून विलंब माफ होऊ शकतो. तरी त्या भरवशावर राहू नये.

आता ओळखण्याची गोष्ट. काही आदेश दिसायला कार्यपद्धतीचे असतात पण असतात अंतिम. अपघातानंतर दोन वर्षांच्या आत मागणी करावी असे कलम १० म्हणे आणि सबळ कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकारही तेच कलम देई. समजा, उशिराचे कारण न पटून अर्जच फेटाळला, तर ती भरपाई पूर्णपणे नाकारली गेली. तिथे 'मधला आदेश आहे, अपील नाही' म्हणून कोणी परतवून लावले तर ऐकू नका. अधिकारक्षेत्राचेही तसेच. विट्याचा मुलगा दूर परराज्यात गलाईच्या दुकानात गेला, आणि आईबापांनी येथे अर्ज केला की विमा कंपनी हटकून म्हणते, अपघात तिकडे झाला, तिकडे जा. १९९५ च्या दुरुस्तीने कलम २१ असे बदलले की, अर्जदार जेथे राहतो तेथेही अर्ज करता येतो. ज्यांचे पोट स्थलांतरावर आहे त्यांना परक्या गावी दावा लढणे परवडत नाही, म्हणून ही सोय आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ती उचलून धरली आहे. तेव्हा 'येथे अधिकारक्षेत्र नाही' असा आदेश झाला तर मान खाली घालून येऊ नये.

एक उलटी बाजूही सांगतो. कार्यपद्धतीची चूक आपल्या फायद्याची झाली तरी आनंद मानू नये. भरपाई महिन्याच्या आत दिली नाही तर बारा टक्के व्याज आणि योग्य कारण नसेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड, असे कलम ४अ होते. पण दंडापूर्वी मालकाला कारणे दाखवा नोटीस दिली पाहिजे. पुष्कळदा अर्जदाराचे वकीलच ती नोटीस काढून घेण्याचा आग्रह धरत नाहीत, निकालात दंड लागतो, आणि अपिलात केवळ नोटीस नव्हती म्हणून तो उडतो. वर वर्षे गेली ती वेगळीच. विमा कंपनी भरपाई आणि व्याज भरते, दंड मात्र मालकाच्या खिशातून जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले आहे. म्हणून मालक दंडासाठी हटकून भांडतो, हे गृहीत धरा.

मालक अपिलात गेला तर काय? भरपाईच्या आदेशाविरुद्ध त्याला अपील करायचे असेल तर आधी पूर्ण रक्कम आयुक्ताकडे जमा करून तसा दाखला अपिलाला जोडावा लागतो. दाखला नाही तर अपील नाही. ही आपल्या बाजूची कार्यपद्धती आहे आणि ती तपासायची जबाबदारी आपली. तसेच, मृत्यूच्या बाबतीत पैसे आयुक्ताकडेच भरावे लागतात. अंत्यविधीच्या दिवशी घरी येऊन वीस-पंचवीस हजार हातावर ठेवून स्टॅम्पपेपरवर 'आता काही मागणे नाही' असा अंगठा घेतला, तर तो कागद हक्क बुडवू शकत नाही. कलम १७ ने असे करार निरर्थक ठरवले होते. आमच्या भागात असे स्टॅम्पपेपर पुष्कळ निघतात, म्हणून सांगितले.

वरच्या कोर्टात जाऊन मिळते का काही, असा प्रश्न मागच्या बैठकीत एका काकांनी विचारला होता. दोन दाखले देतो. ओडिशातील एक सुतार चित्रपटगृहाचे काम करताना १९६८ मध्ये पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. एक हात शाबूत आहे म्हणून नुकसान अंशतः, असे मालकाचे म्हणणे. एका हाताने सुतारकी होत नाही, म्हणून त्याच्यापुरते नुकसान शंभर टक्के, हे आयुक्ताने धरले आणि डिसेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवसापासून, निकालाच्या दिवसापासून नव्हे, हेही त्याच निकालाने ठरले. गंमत पाहा, रिट करून वर गेला होता तो मालक!

दुसरा दाखला अगदी आपल्यासारख्या मुलखातला, उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातला. साखर कारखान्याचा एक पहारेकरी एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला दुचाकीवरून निघाला आणि कारखाना सुमारे पाच किलोमीटर राहिला असताना अपघातात गेला. आयुक्तांनी २००९ मध्ये ३,२६,१४० रुपये आणि बारा टक्के व्याज मंजूर केले. विमा कंपनी अपिलात गेली आणि उच्च न्यायालयाने, रस्त्यावरचा अपघात हा कामातला नव्हे, असे म्हणून भरपाई रद्द केली. त्या कुटुंबाने सोडले नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई पुन्हा दिली : घर ते काम या प्रवासाचा कामाच्या वेळ, जागा व परिस्थितीशी संबंध दिसत असेल तर तो अपघात कामातलाच. बावीस वर्षे लागली. याला न्याय म्हणायचे की काय म्हणायचे ते तुम्ही ठरवा. परंतु हा निकाल शक्य झाला कारण पहिल्याच पायरीवर पाळीची वेळ, अंतर, प्रवासाचा हेतू हे सारे पुराव्यात नीट उतरले होते. वर तो पुरावा नव्याने देता आला नसता.

आपल्या दोन जिल्ह्यांपुरती एक चांगली गोष्ट घडली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापूर येथे सुरू झाले. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याखाली येतात. त्यासाठी या जिल्ह्यांतील वकील आणि नागरिक कित्येक दशके भांडत होते. आदल्या दिवशी त्याचे उद्घाटन तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले. त्या पदावर पोचलेले ते पहिले बौद्ध. आपल्या सभागृहात त्याचा अभिमान असणे साहजिक आहे. पण माझ्या डोळ्यांपुढे येतो तो एस.टी.चा हिशेब. जतच्या बाईला मुंबईला जाऊन-येऊन दोन दिवस आणि रात्रीच्या मुक्कामाची पंचाईत होती. आता ती सकाळी निघून संध्याकाळी घरी येऊ शकते.

वकिलाच्या फीचा प्रश्न उरतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, अपंगांना व औद्योगिक कामगारांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीचा दर्जा मिळालेला आहे, तेव्हा दाखला काढून ठेवा. फुकटचा वकील लक्ष देत नाही अशी तक्रार असते. असते कधीकधी. म्हणूनच रोजनामा स्वतः वाचायचा असे मी म्हणतो.

विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात विलीन होऊन संपला. आयुक्त गेले, त्यांच्या जागी 'सक्षम प्राधिकारी' हा शब्द आला. कामावर जाता-येतानाचा अपघात संहितेनेच आत घेतला आहे. अपिलाची चौकट मात्र जवळपास तीच आहे : ठरावीक आदेशांची यादी, उच्च न्यायालय, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न, साठ दिवस. मी आज जुनी कलमे सांगितली, कारण आपल्या लोकांचे चालू असलेले दावे त्या आधीच्या अपघातांचे आहेत. नव्या अपघाताचा अर्ज करताना नवी कलमे पाहूनच करा. तुमच्यातल्या कोणी मराठीत त्याची सोपी टिपणे काढली तर संस्था छापून देईल, असे चिटणीसांकडून मी कबूल करून घेतले आहे.

शेवटी एका ताईंची हकिगत. कृष्णाकाठच्या त्यांच्या गावाचे नाव सांगत नाही. त्यांचे यजमान दहापेक्षा कमी माणसांच्या एका शेडमध्ये लेथवर काम करीत. २०२१ मध्ये अपघातात गेले, वय चाळीस. मघाशी जो हिशेब सांगितला तो त्यांचाच. मालक म्हणाला, पगार सहा हजार. यजमानांचे पासबुक ताईंनी माझ्यापुढे ठेवले तेव्हा मला दिसले की, दर महिन्याला सहा हजार शेडच्या खात्यातून आणि पाच-सहा दिवसांनी नऊ हजार मालकाच्या खासगी खात्यातून जमा होत होते. बँकर्स बुक्स एव्हिडन्स अॅक्ट, १८९१ प्रमाणे बँकेने दाखला दिलेला खातेउतारा पुरावा म्हणून चालतो. तो आम्ही काढला. परंतु तोवर 'अर्जदाराचा पुरावा बंद' असा आदेश झाला होता. उतारा दाखल करण्याचा अर्ज नामंजूर, पगारपत्रक मागवण्याचा अर्ज नामंजूर. आमचे तरुण वकील तडक रिट करायला निघाले होते. ताईंनी मला विचारले, "दादा, अजून किती वर्षं?" आम्ही रिट केले नाही. दोन्ही अर्जांच्या निशाण्या तपासल्या, पुरसिस देऊन हरकत नोंदवली, युक्तिवादातही ती लेखी दिली.

सप्टेंबर २०२५ मध्ये निकाल लागला : ५,५२,५१० रुपये आणि व्याज. ती रक्कम मालकाने जमा केली आणि ताईंनी 'हक्क राखून' असे लिहून ती उचलली. उरलेल्या रकमेसाठी नोव्हेंबरमध्ये कोल्हापूरला अपील दाखल झाले आहे. अपिलातला पहिला मुद्दा वेतनाचा नाही, त्या दोन नामंजूर अर्जांचा आहे. निकाल काय लागेल हे मी सांगू शकत नाही. अपील दाखल करून घेण्यासाठी पुढच्या महिन्यात तारीख आहे. त्या दिवशी मी रजा टाकली आहे. सकाळी साडेसहाच्या गाडीने ताई आणि मी सांगलीहून निघणार आहोत. विद्यार्थ्यांपैकी ज्यांना यायचे असेल त्यांनी आपली नावे आज जाण्यापूर्वी चिटणीसांकडे द्यावीत. पुकारा कसा होतो, तो एकदा कानांनी ऐकून ठेवा.

जयभीम.